इंजिनावरचे कुंकू

जुन्या हुबळीतल्या पुंडलिक मेस्त्रीने उभ्या आयुष्यात एकाच माणसाचा हेवा केला, आणि तो माणूस त्याला ‘अण्णा’ म्हणत असे.

१९५६ साली पुंडलिक मुकुंदरावांच्या लाकूड वखारीत कामाला लागला. वखारीत युद्धानंतरच्या लिलावातून आलेला एक पेट्रोल ट्रक होता. त्याच्या मागे ट्रेलर जोडून अळणावरच्या जंगलातले सागवानी ओंडके धारवाडमार्गे हुबळीला आणले जात. ट्रकच्या अंगी दोन अवगुण होते. अळणावर सोडल्यावरच्या लांब चढावर तो दम टाकी आणि सपाटीवर वाजवीपेक्षा अधिक पेट्रोल पिई. एक दुरुस्त करावा तर दुसरा बळावे. इंजिनाला भरपूर पेट्रोल पाजले की ते ओढे; हात आखडला की चढावर गुडघे टेके.

या दोहोंच्या मधली जागा शोधण्यात पुंडलिकने तीन वर्षे घालवली. कार्ब्युरेटरमधल्या, पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे भोक त्याने कथलाचा डाक देऊन बुजवले आणि घासून बारीक केलेल्या सुईने ते पुन्हा पाडले. एकदा नव्हे, अकरा वेळा. प्रत्येक खेपेनंतर प्लग काढून तो उन्हात धरी. त्याची चिनीमाती काळवंडलेली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरी फटक असेल तर कमी. दूध बेताचे घातलेल्या चहाचा रंग दिसला त्या दिवशी तो घरी जेवायला गेला तो गुणगुणत. राहिली ठिणगीची वेळ. ती ठरवणाऱ्या डब्याला वर्कशॉपात सारे डेल्को म्हणतात. भार कमीजास्त होईल तशी ही वेळ आपोआप मागेपुढे करणारा पडदा फाटला होता आणि नवा कोठेच मिळत नव्हता. तेव्हा पुंडलिकने डेल्को हाताने फिरवून एक जागा नक्की केली, क्लँपचा बोल्ट आवळला आणि शेजारी छिन्नीने बारीक खूण केली. ती खूण म्हणजे त्याची सही होती.

ट्रक सुधारला. सहा गॅलनांत अळणावर ते हुबळी, ट्रेलर भरलेला. पण नाव झाले ते ड्रायव्हर नागोजीचे.

नागोजी अळणावरजवळच्या खेड्यातला. ट्रकवर येण्यापूर्वी तो ओंडक्यांची बैलगाडी हाकत असे. त्याला वाचता येत नव्हते आणि टॅपेट कशाला म्हणतात हेही ठाऊक नव्हते. तरी अमरगोळपर्यंतचे ड्रायव्हर म्हणत, “नागोजीचा पाय म्हणजे पाय! पेट्रोलला हुंगतो, पीत नाही.” एकदा तो रजेवर असताना दुसऱ्याने ट्रक आणला, तर चढावर ओंडके उतरवावे लागले आणि टाकी धारवाडातच कोरडी पडली. त्या दिवशी मुकुंदराव सर्वांसमक्ष म्हणाले, “इंजिन कुणीही लावील हो, नागोजी कुठून आणायचा?” पुंडलिक तेथेच पान्हा पुसत उभा होता.

घरीही सुटका नव्हती. भागीरथी ताट वाढताना सहज म्हणाली, “नागोजीभावजींमुळं ट्रक सुधारला म्हणे.”

“कोण म्हणे?”

“सगळ्या गल्लीत म्हणतात की. तुम्ही पण मदत केलासा म्हणे.”

“मदत!” पुंडलिकने भाकरी अर्धी ठेवली. त्या रात्रीपासून नागोजीचे हसणे, त्याचे मुंडासे, हॉर्न वाजवण्याची त्याची रीत, सारेच त्याला खुपू लागले.

१९६० साली मुकुंदरावांना पुण्याच्या एका व्यापाऱ्याने जुने डिझेल इंजिन देऊ केले. डिझेल स्वस्त, आणि इंजिनासोबत तिकडचाच फिटर येणार. मुकुंदराव सावध गृहस्थ; त्यांनी शेवटची परीक्षा ठरवली. “शुक्रवारी मी स्वतः बसतो. सहा गॅलन टाकीत, ट्रेलर पुरा भरलेला. वखारीत पोचलात तर हेच इंजिन राहील. नाहीतर मेस्त्री, तुम्ही दुसरीकडे बघा.”

गुरुवारी पुंडलिक रॉकेलच्या फडक्याने इंजिन पुसायला बसला. डेल्कोच्या कडेवर आणि खालच्या ब्लॉकवर कुंकवाचा एकेक ठिपका नेहमीच असे. चढाच्या पायथ्याशी द्यामव्वाचे लहानसे देऊळ आहे. तेथे थांबून नारळ फोडायचा आणि बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावायचे, हा सर्वच ड्रायव्हरांचा रिवाज. देवीचे कुंकू म्हणून पुंडलिक आजवर त्याला वळसा घालून फडके फिरवीत आला होता. त्या दिवशी मात्र त्याच्या मनात आले, हे दोन ठिपके एकमेकांपासून असे बाजूला का? त्याने बोल्ट सैल केला आणि डेल्को हळूच फिरवला. ठिपके एकाखाली एक आले. त्याची स्वतःची खूण अर्धे नख सरकली.

त्याला सारे कळले. नागोजी पूजेच्या निमित्ताने बॉनेट उघडून चढापुरती ठिणगी मागे घेत, म्हणजे जरा उशिरा पाडत होता आणि माथ्यावर पोचला की पुन्हा पुंडलिकच्या खुणेवर आणीत होता. त्याने तीन वर्षे शोधलेली मधली जागा मुळात नव्हतीच. जागा दोन होत्या, आणि दुसरी एका गाडीवानाला सापडली होती. आणि ती आजवर जपली कोणी? स्वतः पुंडलिकने, फडक्याला वळसा देऊन.

त्याने दोन्ही ठिपके रॉकेलने पुसले. डेल्को आपल्या खुणेवर आणला, क्लँपमध्ये नवा बोल्ट घातला आणि नटाबाहेर आलेले त्याचे टोक हातोडीने ठोकून असे पसरवले की नट कुणाच्याही पान्ह्याने सुटू नये. उद्या ट्रक पोचला तर तो पुंडलिकच्या एकट्याच्या खुणेवर पोचेल. पोचला नाही तर काय, हा विचार त्याने मनाच्या दाराबाहेरच उभा केला.

शुक्रवारी केबिनमध्ये तिघे बसले: नागोजी, मधे मुकुंदराव, दाराशी पुंडलिक. देवळापाशी मुकुंदराव दर्शनाला उतरले. नागोजीने नारळ फोडला, कुंकवाची पुडी घेतली आणि बॉनेट उघडले. त्याचा हात डेल्कोवर गेला आणि तेथेच थांबला.

“अण्णा, बोल्ट बदललासा?”

“बदलला.”

“आणि कुंकू?”

“पुसलं. घाण झालेली.”

नागोजीने त्याच्याकडे पाहिले. पुंडलिक भांडायच्या तयारीत होता. वाक्ये त्याने आदल्या दिवसापासून जुळवून ठेवली होती. नागोजी फक्त “बरं” म्हणाला, बॉनेट लावले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.

चढ लागला. पहिल्या वळणापर्यंत ट्रक चांगला गेला. मग इंजिनातून आवाज उमटू लागला, कट्‍ कट्‍ कट्‍, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. वेळेआधी पडणारी ठिणगी वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर घाव घालीत होती. मुकुंदरावांना तो आवाज नुसता आवाज होता. पुंडलिकला तो दातांच्या मुळाशी कळत होता. नागोजीने गिअर उतरवला, पाय हलका केला, त्याला येत होते ते सारे केले. ट्रेलर मागे खेचत राहिला. बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

“संपलंच म्हणायचं हे,” मुकुंदराव म्हणाले. “फुकट तीन वर्षं गेली.”

नागोजी तोंड उघडेल आणि बदललेल्या बोल्टाचे सांगेल, याची पुंडलिक वाट पाहत राहिला. नागोजी रस्त्याकडे पाहत होता. कट्‍ कट्‍ कट्‍. आणखी शंभर यार्ड गेलो तर पिस्टनला भोक पडेल, हे त्या ट्रकमध्ये एकट्या पुंडलिकला ठाऊक होते.

“थांबव!” तो ओरडला. “नागोजी, थांबव म्हणतो!”

चाकांमागे दगड लावले. पुंडलिकने पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली आणि तापलेल्या इंजिनावर ओणवा झाला. बोल्टाचे टोक तुटेपर्यंत त्याची दोन बोटे पोळली. डेल्को मोकळा झाला. पण ठिपके तर त्यानेच पुसले होते. किती सरकवायचे ते त्याला आठवत होते, पण हाताची खात्री वाटेना. मान वर न करता त्याने विचारले, “किती घेतोस?”

“अंगठ्याचं अर्धं नख. थांबा.” नागोजीने अंगठा टेकवून डेल्को फिरवला. “चढाआधी बैलगाडीत ओझं पुढं सारतो की नाही आपण? तसंच हे. तुमच्या खुणेला मी कधी धक्का लावला नाही अण्णा. परत तिथंच आणत होतो.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही रागावला असतासा.”

पुंडलिकने दुसरा बोल्ट घालून आवळला. नागोजीने कुंकवाचे दोन ठिपके पुन्हा ठेवले.

ट्रेलरसकट ट्रकने चढावर जागेवरूनच उचल घेतली. तो आवाज पुन्हा आला नाही. माथ्यावर डेल्को खुणेवर परत आला आणि धारवाड ओलांडून ट्रक वखारीत शिरला, तेव्हा टाकीत घातलेली काठी बोटभर ओली निघाली.

“चढावर काय केलंत रे तुम्ही?” मुकुंदरावांनी विचारले.

“अण्णांनी एक बोल्ट सोडवला,” नागोजी म्हणाला. “बास्स, एवढंच.”

मुकुंदरावांनी मेस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. इंजिन राहिले, आणि वखारीत त्या दिवसापासून पुंडलिकच्या हाताचे कौतुक होऊ लागले. खरे काय ते बोलायला पुंडलिकने दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा मिटले. पूर्वी नागोजीचे नाव व्हायचे म्हणून त्याचा जळफळाट होई. आता नागोजीने आपले नाव इतक्या सहज देऊन टाकले, याचा त्याहून अधिक झाला. देऊन टाकण्याइतके त्या माणसाजवळ असावे, हेच त्याला सोसवत नव्हते. दिवाळीला नागोजी फराळ घेऊन येई तेव्हा पुंडलिक परसात काहीतरी काम काढून बसे.

१९६७ साली नागोजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तो गावी गेला. कृष्णा नावाचा नवा ड्रायव्हर आला. निघण्याआधी त्याने बॉनेट उघडले आणि ठिपक्यांवर बोट ठेवले.

“हे कुंकू देवीचं की मेस्त्री? पुसू नये ना?”

‘देवीचं’ एवढे म्हटले असते तरी चालले असते.

“नागोजीचं आहे,” पुंडलिक म्हणाला. शब्द घशातून बाहेर यायला सात वर्षे लागली होती, आणि बाहेर येतानाही ते टोचलेच. मग त्याने पान्हा कृष्णाच्या हातात दिला. “चढाच्या पायथ्याशी हा बोल्ट सोडायचा. ये, दाखवतो.”