धुतलेला दगड

बी.ए. होऊन घरी बसले होते, तेव्हा नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी चाललेल्या उत्खननावर मला काम मिळालं. निघालेली खापरं नि दगड धुवायचे, त्यांची चित्रं काढायची. दुष्काळाचं साल होतं. शेतात काही नव्हतं, म्हणून खणायला आसपासच्या बाया येत. त्यातली एक मावशी म्हणजे माझी डोकेदुखी होती. जरा वेगळा दगड दिसला की कमरेच्या पिशवीतून कुंकू काढून टेकवलंच हिनं! शेवटी उत्खनन चालवणाऱ्या सरांनी बजावलं, "पुन्हा असं केलंत तर काम बंद." तिच्या घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं.

चहाच्या वेळी सर निअँडरथल माणसाबद्दल सांगत. त्याच्या गुहांत तांबड्या मातीचे तुकडे सापडलेत म्हणे. "ती माती अंगाला फासायला होती, की मनात काही धरून कुठं लावायला? हेच तर कोडं आहे," सर म्हणत. मला त्यातलं अर्धंमुर्धं कळे. मान मात्र मी पुरती हलवत असे.

एका सकाळी माझ्या पाटीत तळहाताएवढा दगड आला. वर तीन आडव्या रेषा आणि रेषांत लाल. माझं डोकंच फिरलं. सर यायच्या आत मी तो घमेल्यात बुडवून खसाखसा घासला. कुंकवाचं पाणी पायदळी जाऊ नये, म्हणून लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. एवढं आईनं शिकवलं होतं.

सरांनी दगड उन्हात कितीदा तरी फिरवला. "रंगाचा कण जरी असता ना..." एवढंच म्हणाले आणि वहीत लिहिलं, रेषा नैसर्गिक असाव्यात.

दुपारी बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या, तेव्हा मी मावशीला बाजूला घेतलं. "तुमचं काम वाचवलं मी आज. दगडाला कुंकू लावू नका, किती वेळा सांगायचं?"

"लावलं की येवढंसं," ती म्हणाली. "पर ताई, मातीतनं निघाला तवाच लाल हुता त्यो. म्हनून तर लावलं."

ही खरं बोलतेय, की अंगावर येऊ नये म्हणून? सरांना सांगावं तर हिची भाकरी जाणार. न सांगावं तर मी काय धुतलं, ते कुणालाच कधी कळणार नाही. आणि सांगायचं तरी काय? मलाच ठाऊक नव्हतं. इतकी मी आयुष्यात क्वचितच गोंधळले असेन.

सगळे गेल्यावर लिंबाशी गेले आणि बोटांनी माती उकरली. लाल होती, खरंच लाल होती. पण त्याच बुंध्याला मावशी रोज सकाळी कुंकू लावायची.