सगळ्यात शेवटी उठणारा

हे मी फादरांपुढे पापनिवेदनातही कधी बोललो नाही. उपवासकाळात चर्चमध्ये क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या यातनांच्या चौदा प्रसंगांची प्रार्थना चालते, तेव्हा प्रत्येक प्रसंगाला सगळे गुडघे टेकतात आणि मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतो, माझ्याआधी कोण उठतंय. सगळ्यात शेवटी उठायचं, एवढीच माझी भक्ती. परवाच्या शुक्रवारी गुडघे असे धरले की मला उठताच येईना. शेजारी बाकावर आरामात बसलेल्या फिलूमावशीने दंडाला धरून ओढलं आणि ती कुजबुजली, "अरे बाबा, क्रुसावरची जागा भरलीये. तू ऊठ!" मागचा अख्खा बाक हसला. दुःख सोसण्यातही माणसाला पहिला नंबर हवा असतो! इतकी वर्षं मी शेजाऱ्यांचे गुडघेच पाहिले. त्या क्रुसाला एक सरळ नजर मी अजून देणं लागतो.