मागच्या बाकावरच्या बाई

आमची मुलगी यंदा शाळेत गणित शिकवू लागली. काल तिला आणायला गेलो, तेव्हा तास अजून चालू होता. "समजलं का?" असं तिने विचारताच सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणाला. मागच्या बाकावर शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षिका शेंडेबाई बसल्या होत्या. मुलं गेल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, हो म्हणायची त्यांना सवयच असते. कुठे अडलं, ते विचारत जा." मुलगी ओशाळून हसली.

फळ्यासमोर उभं राहणाऱ्याला आपली चूक दिसत नाही. ती दिसायला मागे कुणीतरी आपलं माणूस बसावं लागतं. तिच्या तासाला येऊन बसणाऱ्या शेंडेबाई एकट्याच. बाकीचे शिक्षक वाईट नाहीत, पण त्यांना स्वतःचेच तास उरकत नाहीत. आणि बाई या महिन्याअखेर निवृत्त होत आहेत.

स्कूटरवर बसताना ती म्हणाली, "बाबा, बाई गेल्यावर मला चुकलीस म्हणणारं कोण राहील?"

त्यांच्या जागी कुणी येईल, असं मी सांगणार होतो. पण शाळा ती जागा भरणारच नाही, हे तिला माझ्याआधीच कळलं होतं.