पोरीनं मला कृष्णविवर म्हटलं

पोंभुर्ण्याच्या बसस्थानकावर माझी पोरगी थोरल्या जावेच्या गळ्यात पडून रडली. गाव मी सोडत होते. मालक वारले म्हणून ती मला पुण्याला न्यायला आली होती. रडणं मात्र जावेसाठी, तिच्या मोठ्या मायसाठी. जाऊ तिला म्हणाली, "जाय वं, मायले जपजो." जणू मी तिनं उसनी दिलेली वस्तू होते.

धान रोवण्याच्या दिवसांत मी चिखलात आणि थोरली घरी, त्यामुळे पोरगी तिच्याच मांडीवर वाढली. ते मी विसरले नाही, आणि जावेला माफही केलं नाही.

पुण्यात पोरगी आकाशगंगांचा अभ्यास करते. फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर आहे, गॅस आहे, बोलायला कोणी नाही. दर रविवारी ती जावेला फोन लावायची. एकदा भाजी निवडताना मी ऐकलं.

"मोठी माय, आकाशगंगेच्या मधात कृष्णविवर असते. भवतालचा वायू गिळते. लय गिळलं का असा जोर मारते, का उरलेला वायू बाहेर उधळून देते. मंग नवे तारे होत नाई. मायनं धुरा फोडला होता ना, तसंच!"

जाऊ हसली, ते मला इथवर ऐकू आलं.

गोष्ट खरी आहे. वाटणीत तळ्याजवळची वरची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, माझी, खालची तिची. पाणी माझ्या धानातून तिच्या धानात जायचं. तिचं धान जास्त हिरवं दिसलं म्हणून मी धुऱ्यातली, मधल्या बांधातली, पाण्याची वाट बुजवली. दोन दिवसांनी पाऊस आला आणि धुरा फुटला. तिचं धान वाहून गेलं, माझी बांधी कोरडी पडली.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "हे मले काऊन नाई सांगत?"

"तू कधी इचारलंच नाई, माय."

"मंग आता सांग. धुरा फुटाच्या आधी दोन्ही बांध्यांतलं धान वाढतच होतं ना? पाणी तं एकच."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "हो न! विवर वाढून राह्यलं, तिथं तारेबी लय होऊन राह्यले, असं दिसते. दोघायचं खाणं एकच, वायू. पण एकामुळं दुसरं वाढते, का दोघं नुसते संगं वाढते, तेच शोधून राह्यलो आम्ही."

"मंग तिले फुटल्याचीच गोष्ट काऊन सांगतली?"

ती हसली.

गावाची आठवण येत नाही, असं खोटं मी लिहिणार नाही. येते. इथं शेजारीण माझं बोलणं ऐकून तोंड दाबून हसते. पण आता पोरगी ऑफिसातून आली की आकाशगंगेचा नवा फोटो टेबलावर ठेवते आणि म्हणते, "माय, आधी तू पाह्य." मला ठिपक्यांशिवाय काही दिसत नाही. तरी त्या टेबलापुरतं माझं घर आहे.

जाऊबाई, गाव, शेत, देव सारं तुम्ही ठेवा. पोरीचं ते 'आधी' माझं.