मैदानावर उमटलेले दीर्घिकेचे कडे

आदरणीय कोळेकर सरांनी पंचाहत्तरी गाठली, यावर आम्हा जुन्या विद्यार्थ्यांचा अजून विश्वास बसत नाही. मी त्यांना प्रथम पाहिले ते सत्तरच्या दशकात, सांगलीच्या कॉलेजात. भौतिकशास्त्राचे हे आटपाडीकडचे प्राध्यापक भर दुपारी कबड्डीच्या मैदानावर उभे राहून मुलांना सांगत होते, "तुमी आता माणसं न्हाई, वायूचे ढग हायसा!" मेढ्याहून नुकताच आलेला मी बिचकलो. सरांनी हाताला धरून मलाही ढग केले.

सरांना ध्यास होता कडे असलेल्या दीर्घिकांचा. ताऱ्यांच्या असंख्य समूहांपैकी मोजक्यांभोवतीच तेजस्वी कडे का असते? सरांचे म्हणणे असे, की लहान दीर्घिका मोठीच्या मधून आरपार जाते. वायू आधी आत ओढला जातो, मग बाहेर उसळतो आणि कड्यात दाटतो. तिथेच रेणू जमून नवे तारे जन्मतात. हे पडताळायला गणकयंत्र आमच्याकडे कुठले! म्हणून मैदान हीच दीर्घिका आणि आम्ही तिच्यातले ढग. प्रत्येकाने आपल्या ढगाचे गणित लॉगच्या पुस्तकावरून सोडवायचे आणि तितके सरकायचे. सरांच्या पीएच.डी.ची मुदत संपत आली होती. प्रबंध हुकला असता तर उमेदीची सारी वर्षे पाण्यात गेली असती.

आणि एकदाचे कडे उमटले! आम्ही टोप्या उडवल्या. सर मात्र आमच्यातल्या कुंडलच्या शंकरकडे पाहत राहिले.

"गड्या, तुझं गणित फुडं जा म्हनतंय. थांबलास का रं?"

"आवं सर, रेघ वलांडली की बाद न्हवं का!"

आम्ही सगळेच कबड्डीचे गडी, सगळेच मोजमापासाठी आखलेल्या पांढऱ्या फक्कीच्या गोल रेघेवर सवयीने थांबलो होतो. दुसऱ्या कोणी ते कडे गुपचूप प्रबंधात घातले असते. सरांनी त्या कड्याची वहीत काढलेली आकृती टराटरा फाडली आणि स्वतः खराटा घेऊन रेघ पुसायला लागले. "खोटं कडं नगं आपल्याला," एवढेच म्हणाले. शंकरला एका शब्दाने दुखावले नाही.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. या खेपेस बाहेर जाणारे ढग आत येणाऱ्यांना भिडले आणि मोकळ्या मैदानात, कोणत्याही रेघेविना, कडे उभे राहिले. शंकर ओरडला, "सर, आलं की वो! लय भारी आलं!" सरांनी नव्या कागदावर आकृती काढायला घेतली.

प्रबंध मान्य झाला, नुसता मान्य नव्हे, गाजला. ऋणनिर्देशात पहिले नाव होते शंकरचे. त्याने विचारताक्षणी खरे उत्तर दिले म्हणून. त्याबद्दल साताऱ्यात झालेल्या सत्कारात सरांनी त्याला शेजारी बसवून घेतले.

आज आमच्यातले कोणी शिक्षक आहेत, कोणी फौजेतून परतले आहेत. सर, आपण ठणठणीत राहा, शंभरी ओलांडा. आपण आहात तोवर आमच्यातला कोणी खोटे खपवायला धजणार नाही. हा धाक आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हवा आहे.