न सापडलेल्या कणाची बातमी

मेहकरला एसटी बदलताना मी मोठ्या ऐटीत चढलो, तो लोणारच्या गाडीत. तिकीट मागताच कंडक्टर म्हणाला, "जानेफळ? ते मांगं राह्यलं, भाऊ. उतरा." कणांचे मार्ग शोधून काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. भर उन्हात पायी परत स्टँडवर आलो.

जानेफळला मिलिंदच्या घरी एक निरोप पोचवायचा होता, तोही मिलिंदचाच. आम्ही दोघं परदेशात एकाच प्रयोगशाळेत. विश्वातल्या प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असावा, असं महासममितीचा सिद्धान्त सांगतो. तो शोधण्यात मिलिंदने उमेदीची वर्षं घातली. सापडला नाही. आता नोकरीही संपत आलेली, आणि वडिलांना सांगायची हिंमत होईना. मी सुट्टीवर निघालो, तर मलाच पुढे केलं.

बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नानांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, बसवलं. "जय भीम. आधी जेवण." पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचं तिखटजाळ कालवण) जिभेला लागला आणि माझे डोळे वाहू लागले.

"बाप्पा! रडता काऊन?" मिलिंदची आई, म्हणजे काकू, घाबरल्या. "पोराचं काही वाईट हाय का?"

मग सांगावंच लागलं. तो जोडीदार जन्मतो न जन्मतो तोच फुटतो. ओळखीचे कण उडतात, एक मात्र काही खूण न ठेवता निघून जातो. ऊर्जेचा ताळा जुळला नाही, की समजायचं, कोणीतरी गेलं. तसं काही दिसलंच नाही.

काकूंचा चेहरा उजळला. "नाही सापडला? मंग पोरगा घरी येईन?"

मित्राची अब्रू राखायला मी उसळून म्हणालो, "छे! कण आणखी जड असेल. मोठं यंत्र बांधलं, तर अजून वीस वर्षं शोधता येईल!"

काकूंचा हात परातीतच थांबला. हात पुसून त्या म्हणाल्या, "लावा त्याले फोन." मी लावून त्यांच्या हाती दिला.

"सापडलं नाही त लपवून काऊन राह्यला रे? तिथं शोधाले दुसरं कोणी नाही का?"

नानांनी फोन घेतला. "पोरगा नवा कण शोधून राह्यला, असं साऱ्या गावाले मी सांगितलं. गावाचं मी पाहून घेतो. तू ये."

"येतो, नाना." आवाज ओला होता. तिकडे पातोडी नव्हती.

निघताना मी पिशवी पुढे केली. "मिलिंदसाठी पापड-कुरडया?"

"काऊन? तो येऊन राह्यला ना!" काकूंनी पिशवीची घडी करून माझ्या हातात दिली.

परतताना ती रिकामी पिशवी मी मांडीवर घेऊन बसलो होतो. हाती काही न लागण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. त्याचा आनंद मात्र पहिल्यांदाच झाला.