आधी तुम्ही सांगा

गेल्या कार्तिकात, पौर्णिमा उलटून आठवडा झाला असताना, देवासच्या एका वृद्धनिवासात माझ्या आईवडिलांची तपासणी झाली. आईला तळमजल्यावर राहण्याची परवानगी मिळाली. वडिलांना मिळाली नाही.

आम्ही सगळे याच्या उलट धरून चाललो होतो.

वडील धारच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. शिकवले हिंदीत, घरी बोलले मराठीत, आणि दोन्हीकडे भरपूर बोलले. आई कमी बोलायची. गेल्या दोन वर्षांत ती अगदीच गप्प झाली. पाहुणे आले की ती वडिलांच्या मागे खुर्ची घेऊन बसे आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत राही. पुण्याच्या बहिणीने फोनवर निदान करून टाकले की आईची स्मरणशक्ती जात आहे. ते मला पटले होते.

मी इंदूरला वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे. कायम रात्रपाळी. माझ्याकडे राहायला आईने नकार दिला. "तू पहाटे येऊन झोपणार, आणि आम्ही दिवसभर भांड्याचा आवाज न करता बसणार? त्यापेक्षा आश्रम बरा." आश्रम हा शब्द वडिलांना खटकला. बाकी त्यांची हरकत नव्हती. अट एकच होती, दोघे एका खोलीत राहणार.

देवासची जागा याच कारणासाठी निवडली. तिथे तीन मजले होते. तळमजल्यावर आपले आपण करू शकणारे, पहिल्यावर अंघोळीला आणि कपड्यांना मदत लागणारे, दुसऱ्यावर विसरणारे. प्रकृती ढासळली तर मजला बदलायचा, जागा बदलायची नाही. व्यवस्थापक म्हणाला, "भिया, एक बार आ गए तो फिर कहीं जाना नहीं है. दोनों आखिर तक एक ही कैंपस में." वाक्य खरे होते. खोलीबद्दल त्यात काही नव्हते. त्याने आम्हाला तळमजल्यावरची दोघांची खोली दाखवली. वरचे मजले त्या दिवशी पाहता आले नाहीत.

तपासणीत काय विचारतात ते बहिणीने कळवले. वार कोणता, महिना कोणता, आपण कुठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा. वडिलांनी लगेच आईचा वर्ग सुरू केला. रोज संध्याकाळी, दिवे लागल्यावर. मी त्या आठवड्यात धारला होतो.

"आज वार कोणता?"

"बुधवार."

"महिना?"

"कार्तिक. अहो, किती वेळा तेच?"

"बोर्डाच्या परीक्षेला असंच म्हणून पोरं नापास होतात. तीन शब्द सांग. घंटा, चादर, पेरू."

आईने सांगितले. मग म्हणाली, "आता तुम्ही सांगा."

"परीक्षक उत्तर देत नसतो," वडील म्हणाले.

आम्ही दोघे हसलो. आई हसली नाही.

तपासणी घेणारी मुलगी पंचविशीची होती. आडनाव मराठी, पण शाळा हिंदी. "समझती हूँ पूरा, बोलायला कमी येतं," असे तिने आधीच सांगितले. आई आत गेली आणि थोड्या वेळात बाहेर आली. सगळे बरोबर; महिना तिने इंग्रजी सांगितला होता. मग वडील गेले. दोघांना एकत्र बसू देत नाहीत, हे तेव्हा कळले. दाराशी उठून उभी राहिलेली आई पुन्हा खाली बसली.

वडिलांनी महिना कार्तिक सांगितला. मुलीने ते चूक धरले. तिच्या पंचांगाप्रमाणे पौर्णिमेनंतर अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागला होता. आमच्या घरांत महिना अमावास्येला बदलतो, त्यामुळे कार्तिक चालूच होता. तिने मला आत बोलावून विचारले, तेव्हा मी हे तिला समजावून सांगितले. तिने घरी आजीला फोन लावला, खात्री करून घेतली आणि तो प्रश्न बरोबर धरला. त्या क्षणी मला वाटले की प्रकरण मिटले.

मिटले नव्हते. वडिलांनी गाव धार सांगितले. वार सांगितला नाही, "वाराला काय करायचंय तुम्हाला?" असे विचारले. तीन शब्दांपैकी एकही त्यांना आठवला नाही. मी कोण, असे विचारल्यावर "हेडक्लार्क" म्हणाले, आणि ते आत्मविश्वासाने म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना थेट दुसऱ्या मजल्यासाठी लिहिले. दुसऱ्या मजल्याचे दार फक्त बाहेरून उघडते.

परतताना गाडीत आई बोलली. रोज सकाळी पूजेला बसताना वडील मोठ्याने संकल्प सोडत. त्यात ठिकाण, महिना, पक्ष, तिथी, वार, सगळे म्हणावे लागते. शेजारीपाजारी ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. "दोन वर्षं झाली," आई म्हणाली, "मी स्वयंपाकघरातून सांगते, मग हे म्हणतात. पाहुण्यांची नावंही मीच सांगते मागून." मी विचारले, आम्हाला का नाही सांगितलेस. ती म्हणाली, "सांगून काय केलं असतंत? हेच ना?"

घरी ठेवून पाहू, असे मी म्हणालो. आईने नकार दिला. आदल्या महिन्यात वडील दोनदा घराबाहेर पडून हरवले होते, एकदा बस स्टँडवर सापडले, हेही तिने तेव्हाच सांगितले. रात्री ती दाराला टेकून झोपत होती. आता तेवढे अंगात राहिले नाही, असे म्हणाली.

वडील दुसऱ्या मजल्यावर गेले, आई तळमजल्यावर. दोघांच्या खोलीत ती एकटी राहू लागली. वर जायला तिला आठवड्यातून दोन वेळा परवानगी होती, इतर नातेवाइकांना होती तेवढीच. ती व्यवस्थापकाकडे गेली आणि वर खाट मागितली. तो म्हणाला, "माताजी, वहाँ तो जिनको ज़रूरत है वही रहते हैं. आप तो एकदम फिट हो."

त्यानंतर तिने मला बोलावले. "माझी परत परीक्षा घ्यायला सांग."

"कशासाठी?"

"उत्तरं येतात त्याला चुकवताही येतात."

मी विरोध केला. दार बाहेरून उघडते, हे तिला पुन्हा सांगितले. ती म्हणाली, "इथलं आतून उघडतं. उघडून जाऊ कुठे?"

दुसरी तपासणी मार्गशीर्षात झाली. त्या सकाळी तिने मला फोन करून सांगितले होते, आज चंपाषष्ठी आहे, येताना वांग्याचं भरीत आण, यांना वर पाठवायचं आहे. तपासणीच्या खोलीत मुलगी तीच होती. या वेळी मला दाराशी बसू दिले.

"माताजी, कौन सा महीना चल रहा है?"

"सावन."

"ये कौन सी जगह है?"

"मेरा मायका."

माझ्याकडे बोट दाखवून मुलीने विचारले, "और ये कौन हैं?"

आईने माझ्याकडे नीट पाहिले. "पेपरवाला," ती म्हणाली. "बिल लेने आया होगा."

मुलगी लिहीत होती. डॉक्टर म्हणाले की नवरा दूर झाल्यावर असे एकदम ढासळताना त्यांनी पाहिले आहे.

आईला दुसऱ्या मजल्यावर हलवले त्या दिवशी मी तो मजला पहिल्यांदा पाहिला. जिन्याच्या डाव्या हाताला पुरुषांचा हॉल, उजव्या हाताला बायकांचा. मध्ये कुलूप लावलेले दार. एकमेकांच्या खाटांवर जाऊन झोपतात, ओळखी चुकतात, म्हणून ही व्यवस्था, असे नर्सने सांगितले. जोडप्यांनाही तीच. रोज चार ते पाच बसायच्या खोलीत सगळ्यांना एकत्र आणतात, ज्याची इच्छा असेल त्याला.

मी व्यवस्थापकाला खरे काय ते सांगितले. तिला सगळे आठवते, तिने मुद्दाम चुकीची उत्तरे दिली. तो चहा मागवून शांतपणे ऐकत राहिला. "भिया," तो म्हणाला, "ऊपर जितने हैं, सबके बच्चे यही बोलते हैं." डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, काही आठवडे निरीक्षण करू, मग पुन्हा तपासू.

मी आईला विचारले, खाली यायचे आहे का. तिने विचारले, "तो तास खाली मिळेल?" मी नाही म्हणालो.

पुन्हा तपासणी पौषात झाली. आईने पुन्हा चुकीची उत्तरे दिली. ती मुद्दाम दिली की नाही, याची मला खात्री करता आलेली नाही. मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "हळू बोल, ऐकतील." पण त्या वेळी खोलीत दुसरे कोणी नव्हते.

वडिलांना चार वाजता यायचे असते हे लक्षात राहत नाही. कोणी हाताला धरून आणले तर येतात. आईशेजारी बसतात आणि तिला तिच्या शाळेतल्या मुलांबद्दल विचारतात. आई शाळेत शिकवायला कधी नव्हती. ती मुलांची नावे सांगते.

गेल्या सोमवारी ते येत नाही म्हणाले. आई पाचपर्यंत बसून होती, असे नर्सने फोनवर सांगितले.